पाहुण्याला काय चालते?

काही वर्षांपूर्वी चवथीला मी गोव्यात नव्हतो, वडोदऱ्याला थोरल्या बहिणीकडे होतो. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर मराठी माणूस त्या शहरात रुजला. दांडिया बाजारात हिंडताना परमुलखात आल्यासारखे वाटतच नाही.

ताईचे शेजारी श्वेतांबर जैन. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपली चवथ आणि त्याच दिवशी त्यांची संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस. आमच्याकडे नेवऱ्या तळल्या जात होत्या आणि भिंतीपलीकडे उकळलेल्या पाण्यावर उपास चालला होता. म्हणून ताईने त्यांना षष्ठीला जेवायला बोलावले.

नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतोच, मग अडचण कसली, असे मला वाटले. ताई म्हणाली, "अरे, खतखतें!" सुरण, रताळी, माडी ही सगळी जमिनीखालची, म्हणजे त्यांना वर्ज्य. मग त्यात कच्ची केळी, भोपळा, शेवग्याच्या शेंगा आणि मक्याची कणसे पडली. तेफळे मी गोव्याहून नेली होती. डाळीबरोबर न तापवलेले दही चालत नाही, म्हणून दह्यातली कोशिंबीर गेली. सूर्यास्तापूर्वी पाने उठायला हवीत, म्हणून साडेपाचलाच वाढले.

शेजारचे काका आत येतानाच हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाले. वर्षभरात कळत-नकळत दुखावले असेल तर क्षमा असावी, असा त्याचा भाव. जेवताना त्यांनी एक जुनी कथा सांगितली. संवत्सरी पूर्वी पंचमीला असे. कालकाचार्य प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला गेले, तेव्हा तिथल्या सातवाहन राजाने अडचण सांगितली की पंचमीला नगरात इंद्राचा उत्सव असतो, दोन्ही कसे साधायचे? आचार्यांनी पर्व एक दिवस अलीकडे, चतुर्थीला आणले. ही जैन परंपरेतली कथा आहे, पण मला फार आवडली. यजमानाच्या सणासाठी पाहुण्याने आपली तिथी बदलली! त्यापुढे आमचे सुरण वगळणे ते काय?

दुसऱ्या दिवशी भावोजींबरोबर सयाजीबागेत गेलो. तिथल्या संकल्पभूमीपाशी मात्र मन खाली बसले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेलेले डॉ. आंबेडकर 1917 मध्ये संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला या शहरात आले. त्यांना कोणी घर देईना. पारशी नाव धारण करून, रोजच्या दीड रुपयात ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी या बागेत काढला. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबूनच टाकत. मी स्वतः कारकून. टेबलावर फायली येण्याची मला इतकी सवय आहे की हे वाचल्यापासून तो आवाज डोक्यातून जात नाही. महाराज स्वतः 1918 मध्ये मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्ष होते. पण त्यांच्याच राजधानीतल्या घरांचे दरवाजे त्यांच्या हुकमाने उघडले नाहीत.

पाहुण्याला काय चालत नाही हे विचारणे सोपे असते. आम्हाला कोण चालत नाही, हे स्वतःला विचारणे जड जाते. आमच्या आजोळी चवथीला मुंडकारांना जेवण असे. अन्न तेच, आमच्या पानातले. पण ते वाढले जाई अंगणात, आणि पाणी करटीतून. लहानपणी आम्हा मुलांना त्यात काही वावगे दिसले नाही. आजीने कोणाला उपाशी पाठवले नाही, आणि ओट्यावरही कोणाला घेतले नाही.

त्या अंगणात जेवलेली माणसे आता बहुतेक हयात नाहीत. षष्ठीच्या संध्याकाळी काकांनी मला जे शब्द म्हटले, ते मी खरे तर त्यांना म्हणायला हवे होते.