दौंड गेलं की केडगाव

आपल्या सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव लागतं. मोबाइलमध्ये डोकं घालून मी ते स्टेशन कित्येकदा ओलांडलंय.

याच केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या. एवढ्या जणींना पुरेल अशी जागासुद्धा हाताशी नव्हती.

मला सगळ्यात जास्त भिडतं ते त्यांचं शेवटचं काम. संस्कृतात वाढलेली ही बाई हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून बायबल मराठीत आणायला बसली. तेही साध्या मराठीत, कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून! छापखान्यात मिशनमधल्या बायकाच खिळे जुळवायच्या. आपली विद्वत्ता बाजूला ठेवून समोरचीच्या भाषेत बोलणं, यापेक्षा मोठी नम्रता कोणती?

१९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. स्वतःची तब्येतही ढासळलेली. तरी काम थांबलं नाही. भाषांतर पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

देवावर भरवसा म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणं, असं मला वाटायचं. रमाबाईंनी हात जोडले, आणि मग पुन्हा कामाला लावले.

पुढच्या वेळी दौंड गेलं की मोबाइल जरा खाली ठेवा. भेटू पुढच्या भागात!