मेरुरज्जू, वीज आणि रक्तदाब

मेरुरज्जूला मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागात इजा झाली म्हणजे हातपाय लुळे पडतात, हे कोणालाही दिसते. त्याच इजेने रक्तदाबाचे नियमनही कोलमडते हे मात्र वरवर पाहता कळत नाही, आणि कदाचित म्हणूनच वैद्यकाने त्याकडे फार उशिरा लक्ष दिले. निरोगी माणूस उठून उभा राहतो तेव्हा सुमारे अर्धा लिटर रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. मानेतील व हृदयालगतच्या धमन्यांमधील दाबग्राहक, म्हणजे भिंतीवरील ताण ओळखणारी चेतांची टोके, ही घट मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला कळवतात, आणि तेथून निघालेला आदेश मेरुरज्जूतील अनुकंपी चेतापेशींपर्यंत पोहोचताच रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन दाब सावरतो. या पेशी छातीच्या व कमरेच्या वरच्या खंडांत असल्यामुळे त्यांच्या वर इजा झाली की आदेशाची वाट तुटते, आणि रुग्णाला नुसते उठवून बसवले तरी त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते.

या यंत्रणेची ओळख एकोणिसाव्या शतकातील प्रयोगशाळांत झाली. क्लोद बेर्नार यांनी 1850 च्या सुमारास सशाच्या गळ्यातील अनुकंपी चेता कापून त्या बाजूच्या कानातील रक्तवाहिन्या सैलावतात हे दाखवले, तर लाइपझिग येथे कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत 1870 नंतरच्या काही वर्षांत रक्तवाहिन्यांचे नियंत्रणकेंद्र लंबमज्जेत असल्याचे सिद्ध झाले. रुग्णालयांना मात्र या ज्ञानाचा फारसा उपयोग नव्हता, कारण पाठीचा कणा मोडलेला माणूस त्या काळी मूत्रमार्गाच्या संसर्गाने किंवा शय्याव्रणांनी लवकरच दगावत असे.

पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना हेन्री हेड व जॉर्ज रिडॉक यांनी 1917 मध्ये नोंदवले की, मूत्राशय भरला की अशा सैनिकांना भरमसाट घाम सुटतो. त्यामागे काय दडले आहे हे कळायला आणखी तीस वर्षे गेली. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे 1944 मध्ये लुडविग गुटमान यांच्या नेतृत्वाखाली मेरुरज्जूच्या जखमींसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. तेथे त्यांनी शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेव्हिड व्हिटरिज यांच्यासह रुग्णांचे मूत्राशय नळीने हळूहळू भरत रक्तदाब आणि हातापायांच्या बोटांतील रक्तप्रवाह मोजला. इजा छातीच्या वरच्या खंडांत किंवा त्याहून वर असेल तर मूत्राशय फुगताच पायाच्या बोटांतील वाहिन्या आकसत, चेहरा लालबुंद होई, नाडी मंदावे आणि दाब झपाट्याने चढे. 1947 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांतून ज्या विकाराचे स्वरूप स्पष्ट झाले त्याला आज स्वायत्त अतिप्रतिक्षेप म्हणतात. त्यात दाब 200 च्या वर जाऊन मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हा शोध धोक्याची सूचना म्हणून वाचला गेला आणि ते योग्यच होते. पण इजेखालील मेरुरज्जू मेलेला नाही, रक्तवाहिन्या आवळण्याचे त्याचे सामर्थ्य शाबूत आहे, फक्त त्याला हाकणारे कोणी उरलेले नाही, हा त्यातील दुसरा अर्थ दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

वीज मेरुरज्जूपर्यंत पोहोचली ती वेगळ्याच कामासाठी. रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये वेदनेचा द्वारसिद्धान्त मांडला, म्हणजे स्पर्शाच्या संवेदना मेरुरज्जूतच वेदनेची वाट अडवू शकतात असे प्रतिपादन केले. त्याच्या आधारे 1967 मध्ये नॉर्मन शीली यांनी क्लीव्हलँड येथे असह्य वेदना होणाऱ्या कर्करुग्णाच्या पाठीत मेरुरज्जूला वीज देणारा पहिला उद्दीपक बसवला. पुढे मेरुरज्जूच्या जाड आवरणाबाहेर विद्युत्-अग्रे ठेवण्याची सुरक्षित पद्धत रूढ झाली. 1979 मध्ये अमेरिकेतील काही शल्यविशारदांनी अशा उद्दीपनाने अतिप्रतिक्षेप शमतो असे प्राथमिक टिपणही प्रसिद्ध केले, परंतु तो धागा बराच काळ कोणी नेटाने पुढे नेला नाही.

लुईव्हिल येथे सूझन हार्केमा यांच्या गटाने 2009 पासून लुळ्या पडलेल्या पायांत हालचाल आणण्यासाठी सोळा अग्रांची पट्टी वापरली, आणि जगाचे डोळे साहजिकच उभ्या राहणाऱ्या रुग्णांकडे लागले. त्याच गटाने 2018 मध्ये मानेची इजा असलेल्या चौघांत योग्य मांडणीने उद्दीपन दिल्यास वरचा रक्तदाब 110 ते 120 च्या पट्ट्यात टिकतो हे दाखवले. या पट्ट्या वेदनेसाठी घडवलेल्या व कमरेच्या खंडांवर बसवलेल्या होत्या. तेव्हा दाबावर नेमका कोठून ताबा मिळतो, हा प्रश्न उरला. लोझान येथील ग्रेग्वार कूर्तीन आणि कॅलगरी येथील एरन फिलिप्स यांच्या गटांनी 2021 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून त्याचे उत्तर दिले : छातीचे शेवटचे खंड. ते पटण्याजोगे आहे, कारण पोटातील आतड्यांभोवतीच्या वाहिन्या हा शरीरातील रक्ताचा मोठा साठा असून त्यांना आवळणाऱ्या चेता याच भागातून निघतात. दाब सतत मोजून त्यानुसार विजेची मात्रा कमीजास्त करणारी रचनाही त्यांनी उभारली. ती दाब सावरणाऱ्या, पण इजेने तुटलेल्या प्रतिक्षेपाची जागा घेते.

याच गटांनी 2025 मध्ये चौदा रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्याच वेळी अतिप्रतिक्षेपामागील चेतापेशींची साखळी उलगडताना दाखवले की दाब बेफाम चढवणारी वाट व उद्दीपनाने दाब सावरणारी वाट छातीच्या खालच्या खंडांत एकाच ठिकाणी येऊन मिळतात आणि तेथे उद्दीपन पहिलीला मागे सारू शकते. गुटमान यांच्या रुग्णांचा धोका आणि आजचा उपाय यांचे मूळ अशा रीतीने एकच ठरले. उपचार अद्याप चाचण्यांच्या टप्प्यात आहे. बहुसंख्य रुग्णांच्या वाट्याला आजही पोटाचा पट्टा, घट्ट मोजे आणि मिडोड्रीनसारखी औषधे येतात, आणि त्या औषधाने आडवे झाल्यावर दाब नको तितका चढतो, म्हणून झोपण्यापूर्वीचे काही तास ते टाळावे लागते.