कंत्राट आणि परवाना

केळव्याच्या किनाऱ्याशी पोर्तुगीजांचा पाणकोट अजून भरतीच्या लाटा अंगावर घेत उभा आहे. 1739 साली मराठ्यांनी केळवे-माहीमची ठाणी घेतली, पोर्तुगीज गेले. ‘कंत्राट’ हा त्यांचा शब्द मात्र येथेच राहिला. त्याच्या शेजारी आज फारसी ‘परवाना’ बसला आहे. हा परवाना कशासाठी, असे कोणास विचारले तर ‘घर पडू नये म्हणून’ असे उत्तर येईल. इतिहास निराळे सांगतो.

बोरघाटात लोहमार्गाचे काम चालू असता 1859 च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला. घाट अवघड होता म्हणून नव्हे, मजुरी थकली म्हणून. कंत्राटदार, त्याखाली पोटकंत्राटदार, त्याखाली मुकादम अशी ती उतरंड. वरून निघालेला पैसा तळाशी पोचेलच असा भरवसा नव्हता. 1860 साली मालक-मजूर तंट्यांचा कायदा झाला खरा, पण काम सोडणाऱ्या मजुरालाच त्यात शिक्षा होती!

त्यानंतर शतक उलटले. केळव्याच्या उत्तरेस तारापूरला 1964 ते 1969 या काळात जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने देशातले पहिले अणुवीजकेंद्र उभारून दिले. अणुभट्टीसाठी दोन देशांत करार झाले. परंतु मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदारास परवाना हवा, असे सांगणारा देशव्यापी कायदा आला तो 1970 साली, म्हणजे केंद्र उभे राहिल्यावर.

त्या कायद्याची रीत आम्हांस मोठी बोलकी वाटते. काम देणाऱ्या मुख्य मालकाने आधी स्वतःची नोंदणी करावयाची. मग ‘हा माझा कंत्राटदार’ असा दाखला त्याने द्यावयाचा. तो दाखला, फी आणि मजुरांच्या संख्येप्रमाणे अनामत घेऊन कंत्राटदाराने परवाना-अधिकाऱ्याकडे जावयाचे. भिंत किती जाडीची, हे त्याला कोणी विचारीत नसे. माणसे किती, काम कोणते, किती दिवसांचे, हे विचारीत. (बांधकाम खात्याची वर्गवार नोंदणी वेगळी, ती ऐपत पाहते.) आणि कंत्राटदाराने मजुरी बुडवली, तर ती मुख्य मालकाने भरावयाची. बोरघाटच्या मजुराला हवे होते ते हेच.

मात्र 20 मजुरांच्या आतल्या कंत्राटदाराला हा कायदा लागत नव्हता, आणि 2020 च्या संहितेने तो आकडा 50 वर नेला. केळव्याच्या वाड्यांत पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायला आठ-दहा माणसे पुरतात. त्यांची हजेरी मुकादमाच्या वहीतच राहते.