टॉयस्मार्टची यादी आणि आपली अनामत

वर्गात 'अनामत' हा शब्द आला की मी मुलांना त्याचे मूळ सांगते. अरबीतला 'अमानत' उर्दूत तसाच राहिला, मराठीत अक्षरांची अदलाबदल होऊन 'अनामत' झाला. अर्थ एकच: दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती सांभाळायची असते, विकायची नसते. ऑनलाइन खरेदीचा इतिहास वाचताना हा शब्द मला वारंवार आठवतो.

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली या अभियंत्याने 'कुकी' तयार केली. तोवर वेबसाइटला गिऱ्हाईक लक्षात ठेवणे अवघड होते. म्हणून ग्राहकाच्याच संगणकात एक छोटी चिठ्ठी ठेवायची आणि तो पुन्हा आला की वाचायची, अशी युक्ती निघाली. सोय चांगली होती. पण पुढे जाहिरात कंपन्यांनी अशाच चिठ्ठ्यांच्या आधारे माणूस कोणकोणत्या वेबसाइटवर फिरतो याची नोंद ठेवायला सुरुवात केली.

मोहल्ल्यातला किराणेवालाही उधारीची वही ठेवायचा. पण ती वही त्याच्या गल्ल्याशेजारी असायची आणि तो आपल्यासमोर बसलेला असायचा. नवी वही कुठे आहे, कोण वाचतो, हे आपल्याला दिसत नाही.

ही वही विकायला निघाली तर काय होते, हे अमेरिकेत २००० साली दिसले. टॉयस्मार्ट ही खेळणी विकणारी वेबसाइट बंद पडली. तुमची माहिती कधीही दुसऱ्याला देणार नाही, असे वचन तिने ग्राहकांना दिले होते. दिवाळे निघताच मात्र मालमत्तेसोबत ग्राहकांची यादीही विक्रीला काढली गेली. यादीत नावे, पत्ते, आवडीनिवडी होत्या. मुलांची नावे आणि जन्मतारखासुद्धा होत्या. जुलै २००० मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर खटला भरला. शेवटी २००१ च्या सुरुवातीला बहुसंख्य भागभांडवल असलेल्या डिस्नेच्या एका उपकंपनीने ५० हजार डॉलर मोजायचे आणि यादी नष्ट करायची, असे ठरले. धंदा बुडाला म्हणून अमानत मालकीची होत नाही, हे पटवायला एवढा खटाटोप करावा लागला.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सूचना दिली की बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला.

आपल्याला ही शिकवण नवी नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये, हे सूरह नूरमध्ये आहे. दुसऱ्याची टेहळणी करू नये, हे सूरह हुजुरातमध्ये. खरेदीची यादी म्हणजे घरच असते. घरात कोण आजारी आहे, बाळ कधी येणार, रोजे कोण ठेवतो, मांस कुठून आणतो, सारे तिच्यातून कळते. नाव आणि धर्म पाहून माणसे वेगळी काढली जाण्याची भीती असते, त्या काळात अशी यादी कोणाच्या हाती पडते हा छोटा प्रश्न राहत नाही.

म्हणून दुकानात नंबर मागितला की 'कशासाठी?' एवढे विचारावे. आणि आपल्यापैकी जे व्यापार करतात, ज्यांच्या फोनमध्ये शेकडो गिऱ्हाइकांचे नंबर आहेत, त्यांनी ते नंबर अमानत समजून सांभाळावेत. तिच्यात खयानत होऊ नये.