गार्सिया द ऑर्ता आणि पारिजातकाची नोंद

सोळाव्या शतकातील हिंदी वनस्पतींविषयीच्या ज्ञानाचा विचार करताना गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याच्या ग्रंथाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. मात्र तो बहुधा औषधींच्या यादीपुरताच होतो. ग्रंथात आलेल्या लोककथा आणि ग्रंथकर्त्याच्या वाट्याला आलेले प्राक्तन यांकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

ऑर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी त्याची ये-जा होती व तेथील हकिमांशी त्याच्या चर्चा होत. मुंबई बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेला त्याचा ग्रंथ संवादरूप आहे. रुआनो हा कल्पित वैद्य ग्रीक व अरबी आचार्यांचे दाखले देतो, तर ऑर्ता स्वतः पाहिलेले सांगतो. मध्येच दासी आंतोनिया एखादी वनस्पती आणून समोर ठेवते. पटकीच्या वर्णनात त्याने नोंदवलेला 'मोर्शी' हा शब्द म्हणजे मराठीतील मोडशीच होय.

या ग्रंथातील एक संवाद 'दुःखी वृक्षा'वर आहे. हा वृक्ष म्हणजे पारिजातक. त्याची फुले रात्री उमलतात व सूर्योदयाबरोबर गळतात, हे ऑर्ताने टिपले आहे. त्याचे कारण म्हणून तो एक कथा देतो. पारिजातक नावाच्या एका सरदाराची रूपवती कन्या सूर्यावर अनुरक्त झाली. सूर्याने तिचा त्याग केला. तिने प्राणत्याग केला आणि तिच्या रक्षेतून हा वृक्ष उगवला. म्हणून त्याच्या फुलांना सूर्यदर्शन सोसवत नाही. पुराणांतील पारिजात याहून अगदी वेगळा. तो समुद्रमंथनातून निघालेला देववृक्ष असून श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी तो इंद्रलोकातून आणला. ऑर्ताच्या कथेत ना इंद्र आहे ना सत्यभामा. संस्कृत ग्रंथ त्याला अवगत नव्हते. त्याने ऐकले ते लोकांच्या तोंडून. नावातील अंत्य 'क' त्याने कायम राखला, हेही याच गोष्टीचे द्योतक मानता येईल. पोथीबाहेरच्या या कथेची सोळाव्या शतकातील लेखी नोंद एका परकीयाने ठेवावी, हे विलक्षणच.

१५६७ मध्ये क्लुसियसने ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे प्रसिद्ध केला. त्यात संवाद गेले, रुआनो गेला, आंतोनियाही गेली. युरोपला ऑर्ता कळला तो मुख्यतः या संक्षेपातून. 'दुःखी वृक्ष' हे नाव मात्र टिकले. लिनियसने वनस्पतीला दिलेल्या 'निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस' या शास्त्रीय नावाचा उत्तरार्ध तोच आहे.

ऑर्ता नवख्रिस्ती, म्हणजे सक्तीने धर्मांतरित झालेल्या ज्यू कुटुंबातील होता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर तो तपासणाऱ्या इन्क्विझिटरचे, आलेइशो दियश फाल्काँव याचे, नाव छापलेले आहे. याचा अर्थ धर्मसत्तेची संमती असूनही ग्रंथकर्त्याच्या घरावरील संशय टळला नव्हता. १५६८ मध्ये ऑर्ता मरण पावला. १५६९ मध्ये त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये खुद्द ऑर्ताच्या अस्थी उकरून त्यांना अग्नी देण्यात आला. एकोणिसाव्या शतकात त्याचे चरित्र लिहिणाऱ्या व ग्रंथाची टीपांसह आवृत्ती काढणाऱ्या काँद द फिकाल्यो यासही हा वृत्तांत ज्ञात नव्हता. १९३४ मध्ये आउगुस्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यो यांनी इन्क्विझिशनच्या कागदपत्रांवरून तो उजेडात आणला.