पासबुक की सुटकेस?

मंडळी, उभं आयुष्य बँकेत गेलं, म्हणून ही गोष्ट मनात घर करून राहिली. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या पत्रकात म्हटलं, की कामगाराला संसार चालेल एवढी मजुरी आणि संघटनेचा हक्क मिळायलाच हवा. स्पेनमधल्या मोंद्रागोन गावात १९४१ साली होसे मारिया आरिस्मेंदियारिएता हे तरुण पाद्री आले. यादवी युद्धाने गाव खचलेलं. त्यांनी गावातूनच पैसा जमवून १९४३ मध्ये तंत्रशाळा काढली. तिथल्या पाच विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये स्टोव्हचा कारखाना उभारला. कामगारच मालक, प्रत्येकाला एक मत, वरचा पगार खालच्याच्या फार तर तिप्पट.

भांडवलासाठी १९५९ मध्ये बँक काढली. तिची घोषणा होती, ‘पासबुक की सुटकेस?’ म्हणजे बचत इथे ठेवा, नाहीतर पोटासाठी गाव सोडा. आपल्या वाडवडिलांनी वळकटीच उचलली होती, म्हणून हे मला जास्त लागलं.

२०१३ मध्ये त्यांचा फ्रिज-वॉशिंग मशीनचा मोठा कारखाना बुडाला. तरी बऱ्याच कामगारांना बाकीच्या सहकारी संस्थांनी सामावून घेतलं.

आपल्या मंडळांच्या मुदत ठेवी वर्षानुवर्षं नुसत्या नूतनीकरण होत असतात. त्यातून एखाद्या होतकरू पोराचं वर्कशॉप उभं राहील का, एवढा विषय येत्या सभेत घ्याल?