देवघरातला खंजीर

वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या सकाळी, आमच्या घरातला खंजीर फडताळातून बाहेर येतो. एरवी तो लाल खारव्यात गुंडाळलेला असतो. त्या दिवशी विळी, कोयता, कात्री आणि अलीकडे माझ्या पुतण्याचा संगणक यांच्या रांगेत तो मधोमध विराजमान होतो. थोरल्या काकू त्याच्या पांढऱ्या मुठीला गंध लावतात, झेंडूचे फूल वाहतात, आणि मग घरातल्या नव्या सुनेला किंवा पाहुण्याला ठरलेली कथा सांगतात: आमचे कोणी पूर्वज पटवर्धनांच्या फौजेबरोबर श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत गेले होते, तेथून हा आला, आणि मूठ अस्सल हस्तिदंताची आहे.

ही कथा मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती, की ती खरी की खोटी असा प्रश्न मला कधी पडलाच नाही. घरच्या कथांचे असेच असते. त्या तपासाव्या लागतात त्या कोणी बाहेरचा माणूस पैसे घेऊन दारात उभा राहिला म्हणजे.

आमची नृसिंहवाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वसलेली. येथे पाणी चढणे ही बातमी नव्हे, तो सोहळा आहे. महाराजांच्या पादुकांवरून वाहणारे पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले, की दक्षिणद्वाराच्या स्नानाला गर्दी लोटते. पण २०१९ च्या ऑगस्टातले पाणी सोहळ्याचे नव्हते. ते घरांत शिरले आणि दिवसचे दिवस हटले नाही. आम्ही माणसे, गुरे आणि देव घेऊन निघालो; फडताळ राहिले. परत आलो तेव्हा मागल्या अंगाची भिंत खचलेली होती. खारव्याचा बोळा चिखलात सापडला. खंजीर त्यातच होता, पण त्याची मूठ उकलली होती. दोन्ही अंगांच्या पांढऱ्या पट्ट्या पात्याच्या लोखंडावरून सुटल्या होत्या. आतली लाख भुगा होऊन गेली होती.

त्याच हिवाळ्यात एक गृहस्थ आले. जुन्या वस्तू घेतो म्हणाले. खंजीर हातात फिरवून त्यांनी एक आकडा सांगितला, आणि तो आकडा खचलेल्या भिंतीच्या खर्चाहून बराच मोठा होता. "मात्र हस्तिदंत असेल तरच हं," असेही ते म्हणाले. माझ्या धाकट्या भावाने माझ्याकडे पाहिले. काकूंनी कोणाकडेच पाहिले नाही; त्या उठून आत गेल्या. मी गृहस्थांना पुन्हा या म्हटले, आणि दिवेलागणीनंतर भिंग घेऊन बसलो.

वाचकहो, हस्तिदंत ओळखण्याची खूण फार सुंदर आहे. हत्तीचा दात आडवा कापला, की त्या छेदावर बारीक कमानींसारख्या रेषा एकमेकींना छेदताना दिसतात, जणू आतल्या आत कोणी जाळी विणली आहे. दाताच्या बाहेरच्या कडेजवळ या रेषांमधला कोन हत्तीत विशाल असतो, साधारण ११५ अंशांपेक्षा मोठा. हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या केसाळ मॅमथच्या दातात तो नव्वदांपेक्षा लहान असतो. हाडात ही जाळी नसते. हाडातून रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या गेलेल्या असतात. त्या आडव्या छेदात सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांसारख्या दिसतात, उभ्या छेदात तुटक काळसर रेघोट्यांसारख्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्युलॉइड आले, त्याच्या नकली दंतात रेघा असतात, पण वहीच्या पानासारख्या सरळ आणि समांतर. जाळी त्यात उमटत नाही. तापवलेली सुई टोचून पाहण्याचा एक गावठी उपाय लोक सांगतात. तो करू नये. वस्तू कायमची डागाळते, आणि सेल्युलॉइड असेल तर भडका उडतो.

रंगावर तर मुळीच जाऊ नये. अंधारात ठेवलेला हस्तिदंत पिवळा पडतो, उजेडात पांढरा राहतो. चहाच्या पाण्याने आणि धुराने कालचा दात दोनशे वर्षांचा करता येतो. आमच्या मुठीवर तर पिढ्यान् पिढ्यांच्या हळदीकुंकवाचा थर होता.

पट्टीच्या उघड्या पडलेल्या कडेवर मी भिंग धरले. जाळी स्पष्ट दिसली. काकूंचे म्हणणे खरे होते! आनंदाने दुसरी पट्टी उचलली, तिची कड दिव्याजवळ नेली, आणि तेथे ठिपके होते. पुन्हा पाहिले. ठिपकेच. एक अंग हस्तिदंताचे, दुसरे हाडाचे.

मग कोरीव काम निरखून पाहिले. दोन्ही पट्ट्यांवर कमळ होते. हस्तिदंताच्या कमळाला आठ पाकळ्या, प्रत्येकीची शीर वेगळी, कड आतून खोल घेतलेली. हाडाच्या कमळालाही आठच पाकळ्या, पण उथळ, आणि शेवटची पाकळी जागा न उरल्यामुळे दडपलेली. ज्याने हे केले त्याने जुने कमळ समोर ठेवून नवे कोरले होते. हस्तिदंताच्या पट्टीत एक जुने भोक लाखेने बुजवलेले होते. हाडाच्या पट्टीत त्याला जुळणारे भोकच नव्हते. म्हणजे एक पट्टी कधीतरी फुटली किंवा हरवली, आणि कोणीतरी मूठ सोडवून, नवे खिळे मारून, हाती होते त्या जिनसाने ती पुरी केली.

हे झाले काय आहे त्याचे उत्तर. केव्हाचे आहे, हा प्रश्न अधिक अवघड. दात कोळशाच्या कालमापनाला देता येतो, पण ते मापन हत्ती केव्हा मेला ते सांगते, कारागिराने केव्हा कोरले ते नव्हे. कारागिराचा काळ ठरवायला तारीख माहीत असलेली दुसरी वस्तू शेजारी ठेवावी लागते. सगळी विद्या या शेजारात आहे.

याचे जगातले नामी उदाहरण आपल्याच मातीचे आहे. १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेई येथे एका घरात पाव मीटरभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. घडण सर्वस्वी भारतीय. तिच्या डोक्यात उभे छिद्र असल्याने ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा पाय असावा, असे तर्क झाले. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, तेव्हा मूर्ती त्यानंतरची असणे शक्यच नाही. पुढे मराठवाड्यात, १९७० नंतरच्या दशकात भोकरदनच्या उत्खननात तशाच धाटणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातही तिची एक बहीण आहे. इटलीतल्या राखेने मराठवाड्यातल्या कारागिरांची तारीख सांगितली! आमच्या कोल्हापुरातही ब्रह्मपुरीच्या टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती निघाली आणि सातवाहन काळच्या व्यापाराचा धागा हाती आला.

खंजिरांच्या बाबतीत हेच काम मलाया आणि जावाकडच्या क्रिसच्या अभ्यासकांनी मोठ्या चिकाटीने केले आहे. क्रिस म्हणजे तिकडचा नागमोडी किंवा सरळ पात्याचा खंजीर. त्याचे पाते पिढीजात, पण मूठ मालकाच्या ऐपतीप्रमाणे आणि प्रांताप्रमाणे बदलली जाते. म्हणून पात्याचे वय मुठीला लावता येत नाही. मुठीचे घाटही प्रांताप्रांतांचे. एका घाटात अंग चोरून बसलेली आकृती असते, तिला तिकडे 'तापाने कुडकुडणारा जावी' असे गमतीचे नाव आहे. मदुरा बेटावरच्या हस्तिदंती मुठींवर दाट वेलबुट्टी असते. यांतल्या जुन्या मुठी ओळखता येतात, कारण युरोपातल्या राजांनी सतराव्या शतकात असे क्रिस आपल्या अजबखान्यांत ठेवले आणि त्यांच्या याद्या केल्या. यादीत नोंदलेली मूठ यादीनंतरची नसते, एवढे साधे गणित. जाता जाता सांगतो, जावातल्या चंडी सुकू या पंधराव्या शतकातल्या देवळात एक शिल्प आहे: लोहारशाळेत भीम शस्त्र घडवतो आहे, अर्जुन भाता चालवतो आहे, आणि मध्ये गणपती नाचतो आहे.

आमच्या खंजिराला असा शेजारी मिळाला तो बिकानेरला. आमच्या मुठीचा माथा भूछत्रासारखा पसरट आहे आणि पाते दोनदा वळलेले. या घाटाला खंजरली म्हणतात, आणि तो दक्षिणेचा आहे. १६८९ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने आदवानी, म्हणजे आजची अदोनी, जिंकून घेतली. त्या मोहिमेतल्या बिकानेरच्या महाराजा अनुपसिंहांनी तेथली शस्त्रे आपल्या किल्ल्यात नेली आणि त्यांवर ठिपक्यांच्या अक्षरांत आदवानीच्या विजयाची नोंद ठोकवली. लुटीची ती नोंद आज दख्खनच्या शस्त्रांचे पंचांग झाली आहे. तेथे खंजरलीही आहेत. अर्थात हा घाट १६८९ पूर्वी रूढ होता. घाट एकदा रूढ झाला की शंभर वर्षे सहज टिकतो. त्यामुळे १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्याहून परतणाऱ्या शिलेदाराच्या कमरेला असा खंजीर असायला काहीच हरकत नाही. कथा सिद्ध झाली नाही. पण पडलीही नाही.

राहिला प्रश्न गृहस्थांच्या आकड्याचा. तो कायद्यानेच सोडवला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेच्या दाताचाही. वस्तू आजोबांच्या काळची असो की पणजोबांच्या, विकता येत नाही. बाळगायलाही मालकीचा दाखला लागतो. तो दाखला आमच्या चुलत्यांनी वेळेवर करून ठेवला होता. त्यात 'हस्तिदंती मूठ' असे लिहिले आहे, म्हणजे सरकारदप्तरीही आमची कथा निम्मी खरी आहे. गृहस्थ पुन्हा आले तेव्हा मी त्यांना हे सारे सांगितले. ते चहा घेऊन गेले. भिंत आम्ही पुढच्या दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने बांधली. २०२१ च्या पुरात तिला पुन्हा पाणी लागले, पण ती उभी राहिली.

खरी धास्ती मला काकूंची होती. साठ वर्षे त्यांनी ज्या मुठीला सोवळ्यात गंध लावले, तिचे एक अंग कोणत्या जनावराचे हाड आहे हे त्यांना कसे सांगावे? चार दिवस मी टाळले. अखेर त्यांनीच विचारले, "काय निघालं रे तुझ्या भिंगातून? मला कळू दे की."

मी सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शंख कशाचा असतो?"

"प्राण्याचंच कवच ते, काकू."

"मग? तुझे काका सांगायचे, शंख, शिंग, हाड आणि दात यांची शुद्धी मनूने एकत्रच सांगितली आहे. पांढऱ्या मोहऱ्या वाटून आण."

मी पुस्तक काढून पाहिले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ही चारही नावे खरोखरच एका ओळीत आहेत, आणि त्यांची शुद्धी तलम वस्त्राप्रमाणे करावी असे सांगितले आहे. ते वस्त्र पांढऱ्या मोहरीने शुद्ध होते. शिवाय गोमूत्र किंवा पाणी. पुरात बुडालेल्या दाताला पुन्हा भिजवणे बरे नव्हे, हे मी भीत भीत सुचवले. तेव्हा मोहरीचा नुसता हात फिरवून, लगेच कोरड्या फडक्याने पुसून काम भागले.

आता मूठ पुन्हा बसवली आहे. काकूंना एकच गोष्ट राहून राहून नवलाची वाटते. "घरात हस्तिदंत घ्यायला पैसा नव्हता," त्या म्हणतात, "आणि तरी त्या माणसाने कमळ आठ पाकळ्यांचंच केलं बघ."

या खंडेनवमीला गंध लावताना त्यांनी मला जवळ बोलावले. डोळ्यांना आता नीट दिसत नाही. "हाडाची बाजू कुठली रे?" मी त्यांचे बोट धरून त्या दडपलेल्या पाकळीवर ठेवले. त्यांनी तेथे थोडे जास्त गंध लावले आणि फूल त्याच बाजूला वाहिले.